गेरूचा हात

बऱ्हाणपूरपासून बहादरपूरपर्यंत केळीचा एक सौदा माझ्या हाताशिवाय होत नव्हता, एवढं माझं नाव होतं. कारण आख्ख्या पट्ट्यात माझ्याइतकं रिकामं डोकं दुसऱ्या कोणाचं नव्हतं, आणि हे व्यापारी आणि शेतकरी दोघंही मानायचे; बाकी कशावरच त्यांचं जमत नव्हतं.

माझं नाव सुपडू. माझ्या आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून मायनं मला जन्मल्याबरोबर सुपात घालून उंबऱ्यावरून ओढलं. म्हणजे देवाला वाटावं हा केरकचरा आहे आणि त्यानं मला नेऊ नये. देवाला तसं वाटलं. पुढं शाळेतल्या मास्तरांनाही तसंच वाटलं. पहिल्या पंधरवड्यातच ते बाबांना म्हणाले, ‘याला घरी ठेवा. हा शिकत नाही ते चालेल, पण याच्यामुळं बाकीच्यांना आलेलं पण जातं.’ म्हणून आता हे मी बोलतोय आणि माझी नात लिहितेय. ती इंदूरला गणित शिकली आणि तिथंच कॉलेजात शिकवते. मध्येच ती हसते, मध्येच म्हणते ‘आजोबा, हे खोटं वाटतं’, तेव्हा मी थांबतो आणि जरा कमी खोटं सांगतो.

तो काळ सगळीकडं जोडाजोडीचा होता. राजेलोकांची संस्थानं देशात मिसळली, मग प्रांत मोडून नवी राज्यं जोडायला घेतली. आम्ही आपले नागपूरकडं तोंड करून बसलेलो, तर एक दिवस सांगितलं, आता भोपाळकडं तोंड करा. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. गावातले शिकलेले मराठी लोक फार अस्वस्थ झाले, पारावर बसून चर्चा करायचे. मला ना जुन्या पाट्या वाचता येत होत्या ना नव्या, त्यामुळं माझ्यावर काहीच संकट आलं नाही. तिकडं नेपानगरला कागदाची मोठी मिल उभी राहिली. बाबा म्हणाले, ‘एवढा कागद होऊन राहिला, त्यातला एक पण तुझ्या उपयोगाचा नाही.’

आमचं घर शनवारा वेशीच्या बाहेर. एका अंगाला विणकरांची गल्ली, तिथं पहाट झाली की माग सुरू व्हायचे, खटाक-खटाक, खटाक-खटाक, आणि ते एवढं अंगवळणी पडलं होतं की सुताच्या तुटवड्यानं माग बंद पडले की आमची झोप मोडायची. दुसऱ्या अंगाला बैलांचा गोठा. बाबांची बैलगाडी होती. बागांतून केळीचे घड भरायचे आणि स्टेशनावर मालगाडीच्या वाघिणींपाशी नेऊन टाकायचे, हा त्यांचा धंदा. स्टेशनावर दिल्लीकडं जायच्या वाघिणी भरायच्या. घरात कायम हिरव्या केळीचा आणि बैलांच्या घामाचा वास. आणि ह्या दोन वासांवर चढून बसलेला तिसरा, मायच्या चुलीचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तिखट ठेचा, आणि हिवाळ्यात वांगी आली की भरीत. वांगं तुरीच्या तुराट्यांवर भाजायचं, गोवरीवर नाही, हा मायचा हट्ट. तुराट्यांचा धूर वांग्यात मुरतो. तो वास गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि मी कुठंही असलो तरी माझं नाक मला उचलून घरी आणायचं. माय म्हणायची, ‘देवानं याले डोकं द्यायचं होतं, तिथं पण नाकच बसवलं.’

आता माझ्या कामाचं सांगतो. केळीची बाग विकताना एक भानगड असते. झाडं शेकड्यांनी, हर झाडाला एक घड, आणि एक घड दुसऱ्यासारखा नाही. सगळे कापून पाहिले तर विकायला काय राहिलं? म्हणून थोडे कापायचे आणि त्यावरून बाग ओळखायची. पण थोडे म्हणजे कोणते? शेतकरी दाखवील ते जाडजूड असणार आणि व्यापारी दाखवील ते मरतुकडे. तेव्हा आमच्याकडं अशी रीत होती की तिसराच माणूस बागेत सोडायचा. हातात कालवलेल्या गेरूचं मडकं. त्यानं एकट्यानं हिंडायचं, मनाला येईल त्या झाडाच्या खांबावर गेरूचा पंजा उमटवायचा आणि बाहेर यायचं. पंजे पडलेल्या झाडांचे घड कापायचे, पानांवर मांडायचे, केळं किती भरलं ते दाबून पाहायचं, आणि बाग घ्यायची की सोडायची ते जागेवर ठरायचं. घेतली तर सरसकट, नाही तर एक फणी पण नाही. आणि हा तिसरा माणूस असा पाहिजे की त्याला केळीतलं काही कळायला नको, कोणाकडून बोलायला नको, आणि अमकी बाग विकून निघाली काय, तशीच राहिली काय, त्याला सुखदुःख नको.

असा माणूस शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. मी बाबांच्या गाडीवर बसून एका बागेत गेलो होतो. तिथं दुर्गाप्रसाद सेठ आणि बागवाला हमरीतुमरीवर आले होते. दुर्गाप्रसाद म्हणजे उत्तरेकडून येऊन स्टेशनाजवळ राहिलेला व्यापारी, अंगानं जाड आणि तोंडानं तिखट. तो ओरडला, “किसी गधे को भेज दो अंदर, जिसको कुछ समझता न हो!” बागवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्याकडं बोट केलं.

“इसको कुछ समझता है?”

“काहीच नाही सेठ. याला केळ कोणती आणि कर्दळ कोणती ते विचारा.”

सेठनं खरंच विचारलं. मी जरा विचार करून कर्दळीला केळ म्हणालो. बाबांनी मान खाली घातली, आणि ते दोघं एवढे खूश झाले की आधीचं भांडण विसरले. त्या दिवसापासून मी मोठा माणूस झालो.

हे मी नातीला सांगितलं तेव्हा ती उडालीच. म्हणाली, “आजोबा, तुम्ही रँडम होतात!” मला वाटलं शिवी दिली. मग तिनं समजावलं. ती म्हणते, आधी मनात असं धरायचं की आख्ख्या बागेचं वजन एक. अर्ध्या बागेचं अर्धं, पाव बागेचं पाव, आणि वेगवेगळे तुकडे जोडत गेलं की बेरीज वाढत जाऊन शेवटी बरोबर एक भरली पाहिजे, ना कमी ना जास्त. मी म्हणालो, “म्हणजे भाकरीसारखं. कशीही मोडा, सगळे तुकडे मिळून भाकरी एकच.” ती म्हणाली, “बरोबर.” मी म्हणालो, “पण आमच्या घरी मी बाजूला बसलो की ते तुकडे एक कधी भरले नाहीत.” त्यावर तिनं मला गप्प केलं आणि पुढं सांगितलं की हर झाडाला त्या वजनातला सारखा वाटा द्यायचा, जाड घडाला जास्त नाही, बारक्याला कमी नाही, आणि हात त्या वाट्याप्रमाणं पडला पाहिजे. घड चांगला का वाईट ह्याचा हाताशी काही संबंध नको. पुस्तकात त्याला ‘यादृच्छिक’ म्हणतात. तो शब्द माझ्या कवळीत अडकतो, म्हणून मी ‘बिनमतलबी हात’ म्हणतो, आणि ती म्हणते चालेल.

तर माझा हात असा बिनमतलबी, अशी ख्याती झाली. आणि मानपान पण वाढला. सौद्याच्या दिवशी बागवाल्यानं सगळ्यांना बागेतच जेवू घालायचं, ही जुनीच रीत. पण मी यायला लागल्यापासून जेवणं सुधारत चालली. आधी नुसती भाकरी-ठेचा असायचा. मग भरीत आलं. मग बट्टी आणि डाळ आली. एका ठिकाणी तर गव्हाचे मांडे. मी बागेत शिरलो की कुठून तरी तो वास यायचा, आणि मी मजेत हिंडत, गाणं म्हणत, इथं पंजा, तिथं पंजा असं करत शेवटी चुलीपाशी निघायचो. घरी येऊन मायला सांगायचो, “लोक मला फार मानतात.” माय माझ्याकडं पाहायची आणि आणखी एक भाकरी वाढायची.

दुर्गाप्रसाद मात्र कुरकुरायला लागला होता. स्टेशनावर घड वाघिणीत चढताना तो उभा राहून पाहायचा आणि म्हणायचा, “माल नमूने से नहीं मिलता.” पानांवर मांडलेले घड टंच, आणि गाडीतून उतरलेले त्यातले निम्मे किडकिडीत. त्याला वाटायचं कोणी तरी मला फितवतं. त्यानं मला दटावलं, फिरवून फिरवून विचारलं, शेवटी माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहून म्हणाला, “नहीं. ये बेईमानी नहीं कर सकता. उसके लिए अक्ल लगती है.” मी ते बाबांना कौतुकानं सांगितलं.

त्याच साली मायनं माझ्या लग्नाचं काढलं. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, “बहादरपूरच्या ओंकार पाटलाची मंजुळा. चांगली पोरगी आहे.”

“मी कुठं पाह्यली?”

“तुले पाहाचं काय काम? तिनं पाहाचं आहे.”

तरी मी पाहिली. बाबांच्या गाडीवर मुद्दाम बसून गेलो आणि विहिरीवर मोट चालू होती तिथं ती पाटाला पाणी लावत होती, फावड्यानं एका सरीतून दुसऱ्या सरीत. मी एवढंच पाहिलं, आणि परत येताना गाडीवरून पडलो. बैल थांबले, बाबांनी मागं पाहिलं आणि म्हणाले, “मायला सांगतो, होय म्हण.”

पण ओंकार पाटलाचा निरोप असा आला: बागेला थंडी लागली आहे. बाग निघाली तर यंदा लग्न उरकून टाकू. नाही निघाली तर पोरीचं पुढच्या साली पाहू. आणि पुढच्या साली पाहायचंच झालं तर दुसरी स्थळं पण पाहू. ह्यातलं शेवटचं वाक्य निरोप आणणाऱ्यानं दोनदा सांगितलं.

आणि पाटलाच्या बागेचा सौदा करायचं ठरलं दुर्गाप्रसादशी. हात माझा.

बाबा म्हणाले, “तिथं तुझी सोयरीक चालली आहे. तू कायले जातो? दुसरं कोणी पाठवू.” माय उसळली, “जाऊ द्या त्याले. याले आजवर केळीतलं काही कळलं नाही, उद्या एकदम कळीन का?” मला हे पटलं. मला वाटलं, डोक्यात जागा असेल तर बेईमानी शिरेल ना. मी धुतलेली टोपी घातली आणि बाबांच्या गाडीवर बसून गेलो.

ओंकार पाटील म्हणजे मोठ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी तर अजिबात बोलत नव्हता. बाग फार मोठी नाही. वरच्या अंगाला विहीर, खालच्या अंगाला ओढा. विहिरीजवळ चिंचेचं झाड, त्याच्या सावलीत घोंगडी टाकून दुर्गाप्रसाद बसला होता. मंजुळाची आई अंथरुणावर होती म्हणून स्वयंपाक मंजुळाकडंच. विहिरीपाशी तीन दगडांची चूल, तुराट्यांचा जाळ, त्यावर वांगी. मी मडक्यात गेरू कालवायला विहिरीवर गेलो तर ती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“घ्या सुपडूभाऊ.”

त्या ‘भाऊ’नं माझे निम्मे प्राण गेले. मी पाणी प्यायला लागलो, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “तुम्हाला मालूम आहे ना?”

“काय?”

“तुम्ही वासामागं जाता ते.”

“कोणत्या वासामागं?”

“चुलीच्या. बागेचा जो कोपरा चांगला, तिथं चूल मांडायची, काही तरी खमंग करायचं, सुपडू तिकडंच येतो. धूलकोटला माझी मावशी राहते, तिच्याकडं पण बायांना मालूम आहे.”

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. मला एक एक बाग आठवायला लागली. ती बट्टी. ते मांडे. मी मान वाढला म्हणत होतो.

“आज पण बाबांनी मला चूल मुद्दाम इकडं मांडायला लावली,” ती म्हणाली. “विहिरीकडची बाग चांगली भरली. ओढ्याकडं थंडी साचली, तिथलं केळं बोटासारखं राहिलं.”

“मग हे मला कशाला सांगतेस?”

“कोणीच सांगत नाही म्हणून. सगळे तुमच्यावर हसतात, आणि त्यांच्याबरोबर तुम्ही पण हसता. मला ते पाहवत नाही.” आणि ती वांगी उलटवायला निघून गेली.

मी मडकं घेऊन बागेत शिरलो. रोज शिरायचो तसाच, पण आज माझ्याबरोबर आणखी कोणी तरी आत आलं होतं, आणि ते माझ्या डोक्यात बसलं होतं. डाव्या हाताला विहीर, भरीत, टंच घड, मंजुळा. उजव्या हाताला ओढा, बोटाएवढी केळी, आणि पुढच्या साली दुसरी स्थळं. पाय आपोआप डावीकडं वळले. मी म्हणालो, थांब, ही बेईमानी आहे. मग उजवीकडं वळलो. तर मन म्हणालं, गाढवा, मुद्दाम वाईट निवडणं ही कोणती इमानदारी? तिच्या बापाची बाग बुडवतोस. मग म्हटलं, मधून जाऊ. तर मध्य कुठला ते मोजत बसलो. डोळे मिटले, तर नाक चालूच. जगात कोणाला डोळे मिटल्यावर दिसत नाही, मला डोळे मिटल्यावर भरीत दिसत होतं. एका खांबापाशी हात नेला आणि मनात आलं, हा निवडला तो का? तू निवडलास, म्हणजे काही तरी मतलब असणार. हात मागं घेतला. मग दुसरा खांब, परत तेच. आधी किती सोपं होतं! आधी मला वाटायचं मी कुठंही हात ठेवतो. आता ठेवायला गेलो तर ‘कुठंही’ ही जागाच बागेत सापडेना. शेवटी वास बंद करावा म्हणून मी हातानं नाक दाबून धरलं, आणि तसाच, एका पण झाडाला न शिवता, बाहेर आलो.

नातीला हे फार आवडतं. ती म्हणते, मनाला येईल तसं आणि यादृच्छिक ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी, आणि पोरांना हे शिकवायला तिला महिना लागतो. माणूस म्हणतो मी कुठंही गेलो, पण त्याचं मन कुठं तरी कललेलंच असतं. कोणाचं सावलीकडं, कोणाचं वाटेकडं, कोणाचं भरीताकडं. तिच्या तासाला ती पोरांना सांगते, मनात येईल तो आकडा बोला, तर सगळी पोरं ठरावीक आकडेच बोलतात. मी म्हणालो, “त्यांना उपाशी ठेवून विचारून पाहा.”

तर मी बाहेर आलो. दुर्गाप्रसादनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंडातलं पान तसंच राहिलं. नाक दाबलेला हात गेरूचा होता. माझ्या तोंडावर आख्खा पंजा उमटला होता, पाच बोटं, कानापासून हनुवटीपर्यंत.

“ये क्या? अपने आप को ही छाप दिया?” सेठ म्हणाला. “अब इसका घड़ काटें?”

बाबा गाडीवरून ओरडले, “काटो, काटो! अंदर कुछ नहीं निकलेगा!”

सगळे हसले. मी पण हसणार होतो, सवयच ती. पण चुलीपाशी मंजुळा हसत नव्हती. मी मडकं खाली ठेवलं आणि म्हणालो, “सेठ, मी आज कामाचा नाही. माझा हात सरळ पडत नाही.”

“क्यों?”

“मला ही मुलगी पाहिजे. मायनं मागणी घातली आहे. बाग निघाली तर लग्न होतं, नाही निघाली तर राहतं. म्हणून हात आपोआप एकीकडं चालला.”

माग बंद पडल्यावर आमच्या गल्लीत जशी शांतता व्हायची तशी झाली. सेठ म्हणाला, “एकीकडं म्हणजे किधर?” मी बोललो नाही. पण माझं नाक मेलं बोललं, ते चुलीकडं वळलं. दुर्गाप्रसाद काही मूर्ख नव्हता. त्यानं चुलीकडं पाहिलं, चुलीमागच्या झाडांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि त्याच्या डोक्यात एका पाठोपाठ एक सगळ्या बागा आल्या असाव्यात. “अच्छा,” तो म्हणाला. “इसलिए.” आणि धोतर झटकून उठला.

मंजुळा म्हणाली, “सेठ, चूल मी मांडली.”

“मी मांडायला लावली,” ओंकार पाटील म्हणाला. आम्ही आल्यापासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य. “पोरीचा काही दोष नाही. ह्याचा पण नाही. ओढ्याकडची बाग गेली आहे सेठ. घ्यायची तर घे, नाही तर जा.” एवढं बोलून तो चिंचेला टेकला, आणि मला वाटलं हा माणूस सकाळपासून डोक्यावर काही तरी घेऊन उभा होता, ते आता खाली ठेवलं.

सेठ निघालाच होता. माझं लग्न त्याच्या चपलांबरोबर चाललेलं मला स्पष्ट दिसत होतं. मंजुळानं हाक मारली, “सेठ, अर्धी बाग चांगली आहे ती पण सोडणार का? ज्याला भूक नाही असं काही तरी आत पाठवा, आणि मग ठरवा.”

सेठ थांबला. बाबा म्हणाले, “आमचा बैल सोडू का? त्याला लग्न करायचं नाही.”

“बैल पाण्याकडं येईल,” मंजुळा म्हणाली. “विहिरीकडंच.”

सेठला आता हसू आलं. “लड़की ठीक बोलती है. बैल की भी मर्ज़ी होती है.”

तिनं चुलीजवळची पिशवी उचलली. बाग राखायला बसल्यावर पोरी चिंचोक्यांचा पट खेळायच्या. फोडलेला चिंचोका, एक बाजू पांढरी, एक काळी. तिनं ओंजळभर चिंचोके घोंगडीवर टाकले. “जितके पांढरे पडतील तितकी झाडं सोडायची, त्याच्या पुढच्याला पंजा. परत टाकायचे. ओळ संपली की वळायचं आणि दुसऱ्या ओळीनं परत यायचं. विहिरीपासून ओढ्यापर्यंत. तुम्ही मोजा, बाबा मोजतील.”

दुर्गाप्रसादनं एक चिंचोका उचलून, वास घेऊन पाहिला. एवढा त्याचा विश्वास उडाला होता. मग म्हणाला, “चलो.”

नात इथं लिहायचं थांबून म्हणते की ओंजळीतले साधारण निम्मे पांढरे पडतात, फार कमी किंवा फार जास्त क्वचित. पण असं टाकत टाकत आख्ख्या बागेवरून गेलं की चांगल्या-वाईटाचा काही संबंध राहत नाही, सुरुवातीची थोडी झाडं सोडली तर हर झाडाला जवळजवळ सारखी संधी मिळते. मी म्हणालो, तुझं बरोबर असेल. मला तर तेव्हा एवढंच दिसत होतं की मंजुळा चिंचोके टाकतेय, सेठ आणि पाटील दोघं बोट नाचवत झाडं मोजतायत, एक हिंदीत आणि एक मराठीत, आणि आकडा दोघांचा एकच येतोय. माझ्याकडं फक्त हात उरला होता. ते थांबले की मी पंजा मारायचो. आणि मला इतकं हलकं वाटत होतं! कुठं मारायचा हे मला ठरवायचं नव्हतं. घड चांगला निघाला तर माझं श्रेय नाही, वाईट निघाला तर माझं पाप नाही. डोक्यात बसलेला तो दुसरा माणूस उतरून गेला होता.

घड कापून पानांवर मांडले. विहिरीकडचे टंच, ओढ्याकडचे किडकिडीत, मधले मध्यम. पाटलानं तिकडं पाठ फिरवली. दुर्गाप्रसाद वाकून एक एक दाबत शेवटपर्यंत गेला, मग परत आला. मग म्हणाला, “आज पहली बार नमूने ने झूठ नहीं बोला.” आणि त्यानं रीत मोडली. वरच्या अंगाचा माल दिल्लीला, खालच्या अंगाचा खंडव्याच्या बाजाराला, दोघांचा भाव वेगळा, पण बाग सगळी घेतली. त्याला टंच दिसणाऱ्या खोट्या नमुन्यापेक्षा नेमका कसा माल मिळणार हे कळणं जास्त फायद्याचं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. तेव्हा एवढंच समजलं की पाटलानं सोडलेल्या श्वासानं त्याच्या मिशा हलल्या, बाबांनी उगाचच बैलाच्या पाठीवर थाप मारली, आणि सेठ म्हणाला, “अब खाना दो भाई, इस खुशबू ने बहुत नुकसान किया है मेरा.”

आम्ही चिंचेखाली पंगतीला बसलो. मंजुळा भाकरी वाढत होती. ते भरीत मी जन्मात विसरणार नाही. त्याच्या आधी मी शंभरदा भरीत खाल्लं असेल, पण कोणाच्या डावात न सापडता, नुसतं भूक लागली म्हणून, ते पहिलं. तोंडावरचा गेरू वाळून तडकला होता, चावताना त्याच्या खपल्या ताटात पडत होत्या, तरी गोड लागलं.

जेवण होत आलं तेव्हा ओंकार पाटलानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मुलीकडं न पाहता म्हणाला, “मंजुळे, ह्यानं भर बागेत सगळ्यांसमोर तुझं नाव काढलं. आता तूच बोल, काय करायचं?”

ती तव्यावरची भाकरी फिरवत राहिली. मी आपला मध्येच बोललो, “माझं तर काम पण गेलं. आता सगळे चिंचोकेच टाकणार. मी काय करायचं?”

तिनं भाकरी उतरवली, जाळावर शेकली, माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, “चिंचोके मी टाकीन. तुम्ही खाली वाकून वेचायचे. तेवढं तरी जमेल ना?”